लहान व्यवसायाचे संकेतस्थळ आणि प्रामाणिक एसईओ : सीमारेषा नेमकी कुठे आखायची?

पडवीतली

आमच्या घरची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जात असे. आता त्यातला बराच भाग आम्ही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेटीने विकतो आणि त्यासाठी एक साधे संकेतस्थळही केले आहे. बाग भाऊ सांभाळतो, संकेतस्थळ आणि पुण्यातील वाटप माझ्याकडे असते. ओळखीतून मागणी येते, परंतु एखादा अनोळखी माणूस गूगलवर हापूस शोधू लागला तर त्याला आमचे पान दिसत नाही.

अलीकडे एका एसईओ एजन्सीने, म्हणजे शोधाच्या निकालांत पान वर आणून देण्याचे काम करणाऱ्या कंपनीने, प्रस्ताव पाठवला आहे. त्यात तीस दिवसांत पहिल्या पानाची हमी, दरमहा ठरावीक बॅकलिंक (इतर संकेतस्थळांवरून आपल्या पानाकडे येणारे दुवे), पुण्याच्या प्रत्येक उपनगरासाठी एक स्वतंत्र पान, मेटा कीवर्डची (पानाच्या कोडमधील, वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांची) भरणी आणि 'सुरुवातीचे काही रिव्ह्यू आमच्याकडून' अशी कलमे आहेत. भावाचे म्हणणे असे की बाजारात सगळेच हे करतात, मग आपणच सोवळे कशाला पाळायचे. मला शेवटचे कलम मुळीच पटलेले नाही आणि बाकीच्यांविषयी नीट समजत नाही. यातले रास्त काय, गैर काय, आणि रास्त मार्गानेच जायचे ठरवले तर आमच्यासारख्यांनी प्रत्यक्षात करायचे काय, हे जाणकारांनी सांगावे.

तिरकस

तीस दिवसांत पहिल्या पानाची हमी देणारी एजन्सी स्वतः 'पुण्यातील एसईओ एजन्सी' या शोधात कितव्या पानावर सापडते, एवढे पाहून घ्यावे आणि मग पुढची बोलणी करावीत.

आडवाटेचा

या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हमीपासून सुरुवात करू. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शक पानावर स्वच्छ लिहून ठेवलेले आहे. एसईओचे काम सुरू केल्यापासून परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असेही त्यांच्याच माणसांनी जाहीरपणे सांगितलेले आहे. तुमचा हंगाम मार्च ते मे असा धरला, तर काम फार तर ऑक्टोबरात सुरू व्हायला हवे. फेब्रुवारीत हमी देणारा माणूस एक तर कोणी शोधतच नाही अशा शब्दसमूहासाठी तुम्हाला पहिल्या पानावर आणील, नाहीतर तुमच्याच पैशातून जाहिरात लावून 'पाहा, वर दिसता आहात' म्हणेल. जाहिरात लावण्यात गैर काही नाही. मात्र जाहिरातीवर खर्च केल्याने खालचे नैसर्गिक निकाल सुधारत नाहीत.

मेटा कीवर्डचे कलम वाचून तर करमणूक झाली. क्रमवारीसाठी आपण तो टॅग मुळीच पाहत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. ते गैर नाही, फक्त निरुपयोगी आहे, आणि निरुपयोगी कामाचे पैसे मागणे कितपत नैतिक, हा वेगळा धागा होईल.

विकत घेतलेल्या बॅकलिंकचे प्रकरण मात्र गंभीर आहे. एखाद्या पानाकडे इतरांनी दिलेले दुवे म्हणजे त्या पानाच्या वजनाची खूण, या कल्पनेवर गूगल १९९८ पासून उभे आहे. त्यामुळे दुव्यांचा बाजार तयार होणे ओघानेच आले. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल झाला आणि असे दुवे जमवलेली असंख्य संकेतस्थळे खाली घसरली. पैसे देऊन दुवा घेण्यास सरसकट मनाई नाही. तो प्रायोजित असल्याची खूण दुव्याच्या कोडमध्ये असली पाहिजे. त्यासाठी 'नोफॉलो' ही खूण २००५ पासून आणि 'स्पॉन्सर्ड' ही खूण २०१९ पासून उपलब्ध आहे. तुमच्या एजन्सीला विचारा की त्यांचे दुवे असे खुणेचे असतील का. उत्तरात जी चुळबूळ ऐकू येईल, तीत सगळे आले.

शेंगदाणा

मी विरुद्ध बाजू मांडतो, राग नसावा. गूगल ही एक खासगी कंपनी आहे. तिने आपल्या धंद्याच्या सोयीसाठी काही नियम केले, आणि आपण ते मोडणाऱ्याला 'अनैतिक' म्हणू लागलो. तिचे नियम म्हणजे काही धर्मशास्त्र नव्हे. शिवाय ते सर्वांना सारखे लागूही होत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाने शोधयंत्राला एक आणि माणसाला दुसरेच पान दाखवण्याचा प्रकार केला म्हणून फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने ते निकालांतून काढून टाकले, आणि काही दिवसांतच परत घेतले. २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे विकतच्या दुव्यांचे प्रकरण न्यू यॉर्क टाइम्सने उघड केले. सणासुदीचा हंगाम पदरात पाडून झाल्यावर तिला शिक्षा झाली. देवगडच्या बागायतदाराला असे कोणी काही दिवसांत परत घेईल का? मग नियम पाळण्याचे ओझे तेवढे लहानांनीच का वाहावे?

तिरकस

शेंगदाणा, तुमच्याच उदाहरणावरून निष्कर्ष उलटा निघतो. ज्याला परत घेण्याची शाश्वती नाही, त्याने तर जास्तच जपून असावे.

दप्तरदार

शेंगदाणा यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, परंतु तो अर्ध्यावर थांबतो. येथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. काही कृत्यांनी केवळ गूगलचा नियम मोडतो. काही कृत्यांनी गिऱ्हाइकाची फसवणूक होते. खूण न लावता विकत घेतलेला दुवा पहिल्या प्रकारात बसतो, आणि त्याला अनैतिक म्हणावे की निव्वळ अविचारी, यावर वाद घालता येईल. खोटा रिव्ह्यू मात्र निःसंशय दुसऱ्या प्रकारात जातो. पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे लावून खाली बारकी भरण्यासारखाच तो प्रकार आहे, आणि त्यासाठी गूगलचा नियम असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न', म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणारी संकेतस्थळाची मांडणी, रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या; त्यांत तेरा प्रकार दिलेले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या निकडीचा आहे. आंबा विकणाऱ्या संकेतस्थळांवर 'फक्त तीन पेट्या शिल्लक' हा फलक गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जसाच्या तसा झळकत असतो, तो याच प्रकारात मोडतो. पेटीचा दर कमी दाखवून शेवटच्या पायरीवर पॅकिंग आणि घरपोच खर्च चढवणे, हाही त्याच यादीतील प्रकार आहे.

पडवीतली

सर्वांचे आभार. दप्तरदार यांनी केलेला भेद भावाला वाचून दाखवला. खोट्या रिव्ह्यूंचा विषय आमच्या घरात संपला. मात्र उपनगरांच्या पानांविषयी अजून शंका आहे. आम्ही कोथरूडला आंबे खरोखरच पोचवतो, औंधला पोचवतो, हडपसरलाही पोचवतो. मग 'कोथरूडमध्ये देवगड हापूस' असे पान केले तर त्यात खोटे काय आहे?

आडवाटेचा

पानातील विधान खोटे नाही, पण पान रिकामे आहे. असल्या पन्नास पानांवर उपनगराचे नाव सोडून काहीच बदलत नाही. सगळी पाने वाचकाला एकाच मागणीपत्राकडे ढकलतात. गूगलच्या धोरणात अशा पानांना 'डोअरवे' म्हणतात आणि ती स्पॅममध्ये गणली जातात. त्यांच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत एक कसोटी दिलेली असे: शोधयंत्रे अस्तित्वातच नसती, तरी हे मी केले असते का? कोथरूडसाठी वेगळे पान तुम्ही तेव्हा केले नसते.

त्याऐवजी वाटपाचे एकच भरीव पान करा. कोणत्या पिनकोडांना कोणत्या वारी पेट्या जातात, बागेतून निघाल्यावर किती दिवसांनी पोचतात, आढीतील फळ येते की तयार, एखादे फळ खराब निघाल्यास काय करता, हे सर्व त्यावर लिहा. एखाद्या उपनगराविषयी खरोखर वेगळे सांगण्यासारखे असेल, समजा हडपसरला तुमचे एखादे संकलन केंद्र असेल, तर त्याचे स्वतंत्र पान अवश्य करावे. नकाशावरील नोंदीत, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, सेवाक्षेत्र म्हणून वीसपर्यंत ठिकाणे देता येतात. तुमच्या पुण्याच्या घरी गिऱ्हाइके येत नसतील तर पत्ता लपवता येतो, आणि तसे करणेच नियमाला धरून आहे. नुसता पत्ता मिळवण्यासाठी भाड्याचे आभासी कार्यालय दाखवू नका.

तिरकस

नोंदीवरून आठवले. आमच्या गल्लीतील एका दुकानाने नकाशावर आपले नाव 'अस्सल देवगड रत्नागिरी हापूस आंबा होलसेल रिटेल बेस्ट प्राइस फ्री होम डिलिव्हरी पुणे' असे लावले आहे. पाटीवर मात्र आजही पूर्वीचेच 'किराणा व भुसार' आहे.

आडवाटेचा

त्यावर 'बदल सुचवा' या सोयीतून कोणीही तक्रार नोंदवू शकतो. प्रत्यक्षात पाटीवर, पावतीवर जे नाव आहे तेच नोंदीत असावे, असा नियम आहे. स्थानिक निकालांची क्रमवारी शोधाशी असलेली जुळणी, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल सांगते. त्यातील अंतर आपल्या हाती नसते, म्हणून लोक नावाशी खेळतात.

जुने खिळे

मी आयुष्यभर छपाईच्या व्यवसायात होतो. पडवीतलीताई, तुमचे संकेतस्थळ कोणी केले ते ठाऊक नाही, पण एक गोष्ट आधी तपासा. पानावरील मराठी मजकूर माउसने निवडून, कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहा. तो देवनागरीतच उमटला तर उत्तम. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर तो श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसत असले तरी शोधयंत्राला तेथे मराठी नाहीच. आणि मजकूर निवडताच येत नसेल, तर डीटीपीवाल्याने केलेले पत्रकच चित्र म्हणून चढवलेले आहे. माझ्या पाहण्यात लग्नाची कार्यालये, आयुर्वेदिक दवाखाने आणि खानावळी यांची कितीतरी पाने याच कारणाने कोणाला सापडत नाहीत, आणि त्यांचे मालक बॅकलिंकवर पैसे घालवत बसलेले असतात.

पडवीतली

जुने खिळेकाका, आत्ताच तपासले. मुख्य पान युनिकोडमध्ये आहे, परंतु दरपत्रक आणि बागेची माहिती ही दोन्ही पत्रके चित्राच्या स्वरूपात आहेत! म्हणजे जे लोक शोधतात, नेमके तेच शोधयंत्राला वाचता येत नाही.

आडवाटेचा

काकांनी पुष्कळ काम वाचवले. त्या दोन पत्रकांचा मजकूर सरळ पानावर टंका, पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवा, आणि इंग्रजीतही पाने करणार असाल तर दोन्ही भाषांतील पाने एकमेकांना जोडा. मराठी पानावरच मध्येमध्ये इंग्रजी शब्दांची पेरणी करण्यापेक्षा ते बरे. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण रोमन लिपीतच शोधत असणार. कोण काय शोधून येते, ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात फुकट पाहता येते आणि तेथे सोळा महिन्यांची नोंद राहते, म्हणजे मागच्या हंगामाशी तुलना होते. ते आजच जोडून टाका.

हंगामी व्यवसायाची एक खास अडचण असते. जूनमध्ये आंबा संपला की पुष्कळ जण पान काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी नवीन पत्त्यावर नवीन पान करतात. त्यामुळे वर्षभरात जमलेली ओळख आणि इतरांनी दिलेले दुवे वाया जातात. पत्ता एकच ठेवावा, त्यात वर्षाचा आकडा घालू नये, आणि हंगाम संपल्यावर 'या वर्षीची विक्री संपली, पुढील नोंदणी अमुक महिन्यात' असे त्याच पानावर लिहावे. मागणीचे बटण तेवढे बंद करावे.

छायाचित्रांबाबत एवढेच सांगतो की मोबाइलवरून काढलेली चार-पाच एमबीची चित्रे तशीच चढवू नका. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे माप आहे.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत घरगुती डब्यांचा व्यवसाय करते. येथे फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध केलेला नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे आणि त्याने बऱ्याच जणांची झोप उडवली आहे. खरे रिव्ह्यू मिळवण्याबाबत माझा अनुभव सांगते. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला, तो खूश असो वा नसो, डबा पोचल्यावर एकाच शब्दांत विनंती पाठवतो. बदल्यात सवलत देत नाही, कारण गूगलला ते चालत नाही. 'आवडले असेल तर येथे लिहा, नसेल तर आम्हाला फोन करा' अशी चाळणी लावणेही त्यांच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि हे पुष्कळ प्रामाणिक लोकांनाही माहीत नसते. एका बाईंनी आमटी पातळ असल्याचे सविस्तर लिहिले होते. आम्ही तेथेच उत्तर दिले आणि ते तसेच ठेवले आहे. नवीन गिऱ्हाइके फोनवर त्याचा उल्लेख करून हसतात आणि मागणी नोंदवतात.

शेंगदाणा

आमटीचा किस्सा आवडला. पण आता मला सांगा, हे सगळे एवढे कष्टाने लिहायचे कशासाठी? कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एका दुपारी 'हापूसचे फायदे', 'आंब्याचा इतिहास' असे शंभर लेख लिहून घेता येतात. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल स्वतःच वर तयार उत्तर देऊ लागले आहे. खालच्या दुव्यावर जातो कोण?

आडवाटेचा

मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या धोरणात नवीन भर घातली. क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात काढलेला निकस मजकूर त्यात स्पष्टपणे निषिद्ध आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. लिहिण्यासाठी यंत्राची मदत घेणे निषिद्ध नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत तुमची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. हापूसमध्ये कोणती जीवनसत्त्वे असतात, हे वरच्या वर कळल्यावर कोणी तुमच्या पानावर येणार नाही. परंतु तो माणूस पेटी विकत घेणारही नव्हता. या वर्षी मोहोर कधी आला, अवकाळी पावसाने किती गळ झाली, पहिली तोड कधी होईल, चार डझनांच्या पेटीत साधारण किती ग्रॅमचे फळ असेल, हे पडवीतलीताईंच्या भावाखेरीज कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. भावाने दर आठवड्याला बागेतून चार ओळी आणि एक छायाचित्र पाठवले, तरी त्या शंभर लेखांहून अधिक काम होईल.

बांधावरचा

रत्नागिरी तालुक्यातून लिहितो आहे. आमची खरी डोकेदुखी वेगळी आहे. कर्नाटकातून येणारा आंबा 'देवगड हापूस' म्हणून विकणारी पाने आमच्या वर दिसतात, आणि त्यांच्याकडे रिव्ह्यूही हजारांनी असतात. आम्ही सोवळे पाळून खाली बसायचे, हा न्याय कुठला?

दप्तरदार

या ठिकाणी शोधयंत्रापेक्षा कायदा जवळचा आहे. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. खोटे भौगोलिक चिन्ह वापरल्यास १९९९ च्या कायद्याच्या कलम ३९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक पानावर ठळक द्या. ज्या पानाविरुद्ध तक्रार करायची, त्याचे तारखेसह छायाचित्र जपून ठेवा.

बांधावरचा

नोंदणी झालेली आहे, पण क्रमांक पानावर टाकायचे कोणी सुचवले नव्हते. तक्रारीने काही होईल याची मला खात्री नाही, तरी क्रमांक आजच टाकतो.

शेंगदाणा

मी माझे मत पूर्ण मागे घेत नाही. बांधावरचा यांच्यासारख्याने कोणाकडून दोन दुवे विकत घेतले तर मी त्यांना दोष देणार नाही. मात्र ज्याच्याकडे खरी बाग आहे त्याने तेच पैसे दरपत्रक टंकून घेण्यावर आधी खर्च करावेत, हे मान्य आहे.

पडवीतली

एजन्सीला फोन केला होता. बॅकलिंक खुणेचे असतील का, असे विचारल्यावर 'मॅडम, एवढ्या खोलात जाऊ नका' असे उत्तर मिळाले. तो प्रस्ताव नाकारला. आता दोन कामे बाहेरून करून घ्यायची आहेत: पत्रकांचा मजकूर पानावर आणणे आणि छायाचित्रे हलकी करणे. त्यासाठी ओळखीतील एक मुलगा तयार आहे. त्याच्याशी बोलताना आणखी काय ठरवून घ्यावे?

आडवाटेचा

डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (ते जेथे साठवलेले असते ती सेवा), सर्च कन्सोल आणि नकाशावरील नोंद ही चारही खाती तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या आणि त्याला तेथे फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. मुलगा चांगला असला तरी हे करावे. उद्या तो नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि डोमेनचे नूतनीकरण त्याच्या जुन्या क्रमांकावरील ओटीपीवर अडकले, असे प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत. केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद मागा. दर कामावर ठरवा, क्रमांकावर ठरवू नका.

जुने खिळे

आणि टंकताना 'हापुस' आणि 'हापूस' अशी दोन्ही रूपे घुसडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शुद्ध लिहा, मुद्रितशोधन मी फुकट करून देईन.

पडवीतली

काका, मजकूर रविवारी तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते भावाला विचारले, तर तो म्हणतो की ज्याने संकेतस्थळ केले त्याच्याच नावावर असणार. आज त्याला फोन लावते आहे.